स्थान, प्रकरण आणि दंड : कुंडल गावाच्या इतिहासाचा एक पाठ

उपोद्घात

शास्त्राच्या अभ्यासाला बसलेल्या प्रत्येक साधकास एक गोष्ट प्रथम शिकविली जाते. ती ही की, वचन एकटे घेऊ नये. ते कोठे निरूपिले, कोणत्या प्रसंगी निरूपिले आणि कोणाप्रती निरूपिले, हे जाणल्यावाचून त्याचा अर्थ हाती लागत नाही. सूत्रपाठाबरोबर प्रकरणवश वाचण्याची आणि लीळेबरोबर स्थानपोथी उघडून बसण्याची आपली परिपाटी याच जाणिवेतून आलेली आहे. स्थानपोथीकारांनी गावाची दिशा, वाट, देऊळ कोणत्या मुखाचे आणि दार कोणीकडे हे टिपून ठेवले, ते केवळ यात्रेकरूंच्या सोयीसाठी नव्हे. जे घडले ते कोठे तरी घडले, आणि ते ‘कोठे’ सुटले तर ‘काय’ देखील हळूहळू सुटत जाते, हे त्यांनी ओळखले होते.

आजच्या पाठात आपण चरणांकित स्थानाचा विचार करीत नाही. एका लौकिक गावाचा विचार करीत आहोत. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले कुंडल हे ते गाव. १९४२ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारची राजधानी म्हणून हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु ‘प्रतिसरकार’ हा एक शब्द प्रकरणावाचून उचलला गेल्यामुळे त्याचे दोन परस्परविरोधी अर्थ लोकांत रूढ झाले. कोणी त्यास केवळ शौर्य म्हणतो, कोणी केवळ मारझोड. स्थान आणि प्रकरण ही दोन साधने हाती घेऊन पाहिले असता तिसरेच काही दिसू लागते. अपराध्याशी कसे वागावे, हा मनुष्यसमाजाचा जुना आणि अवघड प्रश्न आहे. या एका लहानशा परिसरात चाळीस वर्षांच्या आत त्याची तीन निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली गेली. ती तीन उत्तरे समजून घेणे हाच या पाठाचा विषय होय.

१. स्थानरूप

कुंडलचा परिसर कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. दक्षिणेस कृष्णाकाठची काळी, सकस जमीन, तर उत्तरेस व पश्चिमेस सागरेश्वराकडे जाणारी उघडी डोंगररांग. पाऊस बेताचा. आज उसाने आणि द्राक्षबागांनी हा मुलूख हिरवा दिसतो, तो नदीचे पाणी उचलून आणल्यानंतरचा. शंभर वर्षांपूर्वी गावाबाहेर पाऊल टाकले की माळ आणि निवडुंग लागत असे. पुणे-मिरज लोहमार्ग गावापासून काही मैलांवरून जातो. त्यावरील लहानशा स्थानकाचे नाव त्या काळी ‘कुंडल रोड’ असे होते.

हे झाले भूमीचे रूप. परंतु या स्थानाचे खरे वैशिष्ट्य नकाशावरच्या रेषांत होते. चहूकडे ब्रिटिश अमलातील सातारा जिल्हा पसरलेला असताना कुंडल मात्र औंध संस्थानात मोडत असे. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान एकसंध नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि दूर विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे चार तालुके एकमेकांपासून तुटलेले होते. सर्व मिळून क्षेत्र सुमारे ५०० चौरस मैल. म्हणजे कुंडल तालुका हे ब्रिटिश मुलखाने वेढलेले संस्थानी बेट होते. गावाच्या शिवेवरून चार पावले पुढे टाकली की राज्य बदले, कायदा बदले, फौजदार बदले. ही गोष्ट साधकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे जे घडले, त्याचे निमित्त पुष्कळ अंशी या शिवेत आहे.

२. डोंगरावरील जुनी खूण

राजकारणाच्या फार आधीपासून कुंडलची ओळख दुसरीच आहे. दिगंबर जैन समाजाचे हे मान्य तीर्थक्षेत्र होय. गावात कलिकुंड पार्श्वनाथांचे मंदिर आहे, आणि डोंगरावर झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही दोन स्थाने आहेत. ‘झरी’ हे नाव खडकातून पाझरणाऱ्या पाण्यावरून पडले. उन्हाळ्यात भोवतालचा माळ करपलेला असतो आणि गुहेत पाणी ठिबकत असते. कोरड्या मुलखातल्या माणसाला असे ठिकाण पवित्र वाटले, यात नवल नाही. दूरदूरच्या जैन यात्रेकरूंची पावले या डोंगराकडे वळत आली आहेत.

आपला मार्ग भिन्न आणि उपास्यही भिन्न, हे खरे. तथापि ज्या गावाच्या माथ्यावर अहिंसेचा निरोप देणारी स्थाने उभी आहेत, त्याच गावाच्या पायथ्याशी दंडनीतीचा एवढा मोठा प्रश्न उभा राहिला, ही गोष्ट इतिहास वाचणाऱ्याने सोडून देऊ नये. एका गावात अनेक काळ एकमेकांशेजारी नांदत असतात.

३. पहिले उत्तर : माळावरची वाडी

इ. स. १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले. चित्रकलेचे रसिक आणि सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची कीर्ती आहे. त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आपला लोखंडी नांगरांचा कारखाना बेळगावातून हलवावा लागल्यामुळे जागेच्या शोधात होते. राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तेथे वस्ती झाली, ती किर्लोस्करवाडी. निवडुंग तोडून, साप मारून लोकांनी झोपड्या घातल्या. पुढे त्या जागी ओतशाळा, शाळा, बागा आणि दिवाबत्ती असलेले गाव उभे राहिले. रेल्वेच्या स्थानकानेही आपले जुने नाव टाकून वाडीचे नाव घेतले.

या वाडीची दोन कार्ये महाराष्ट्राला परिचित आहेत. एक म्हणजे लोखंडी नांगर. सुरुवातीला शेतकरी त्याकडे संशयाने पाहत, परंतु पुढे तो घरोघर गेला. दुसरे म्हणजे मासिके. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी येथून जे नियतकालिक सुरू केले, ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून नावारूपास आले, आणि १९३० साली त्यास ‘स्त्री’ची जोड मिळाली. पुण्या-मुंबईच्या बाहेर, माळावरच्या एका कारखान्यातून निघालेल्या या मासिकांनी मराठी घरांत विज्ञाननिष्ठेचा आणि स्त्रीशिक्षणाचा विचार नेला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. आडरानातल्या नव्या वस्तीला चोरांची भीती असे. लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यासाठी शिक्षा भोगलेल्या दोन गुन्हेगारांनाच नेमले. ज्यांच्यापासून राखण करावयाची, त्यांच्याच हाती राखण दिली, आणि ती त्यांनी निष्ठेने केली. वाडीत अस्पृश्यता पाळू नये, असाही दंडक त्यांनी घातला. येथे ग्रंथ नव्हता, प्रवचन नव्हते. एका उद्योजकाने मनुष्याच्या ठायी विश्वास टाकला आणि तो विश्वास खरा ठरला. अपराध्यास विश्वासाने बांधावे, हे या परिसराने दिलेले पहिले उत्तर.

४. दुसरे उत्तर : राजाने सोडलेले राज्य

१९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या वाढदिवशी प्रजेस संपूर्ण जबाबदारीचे राज्य देण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे अभियंते, ज्यांनी पुढे भारतानंद हे नाव धारण केले, हे दोघे महात्मा गांधींकडे गेले. त्यांच्या सल्ल्याने संविधानाचा मसुदा सिद्ध झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये तो अमलात आला. हिंदुस्थानातील बहुतेक संस्थानिक आपले अधिकार घट्ट धरून बसले होते. त्या वेळी एका लहान संस्थानच्या राजाने आपले अधिकार स्वखुशीने सोडले.

त्या राज्यरचनेचा पाया खेडे हा होता. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका-समिती व्हावी, आणि तालुक्यांतून राज्याच्या सभेवर प्रतिनिधी जावेत, अशी ती चढती रचना होती. न्यायदानही गावाच्या जवळ आणले गेले. दूरच्या कचेरीत खेटे घालून, वकिलाचे घर भरून मिळणारा न्याय गरिबाच्या उपयोगी पडत नाही, हा त्यामागचा विचार. मतदानास मात्र साक्षरतेची अट होती. ती गांधीजींच्या आग्रहाने घातली गेली. प्रत्येकाने मतासाठी तरी अक्षर शिकावे, हा हेतू होता. परंतु अक्षरापर्यंत पोहोचण्यास ज्यांना सवडच नव्हती, असे मजूर आणि स्त्रिया त्यामुळे काही काळ बाहेर राहिल्या, हेही नमूद केले पाहिजे. सद्हेतूने घातलेली अटही कोणाला तरी उंबऱ्याबाहेर ठेवते.

याच काळात, संस्थानच्या आटपाडी तालुक्यात ‘स्वतंत्रपूर’ ही वसाहत स्थापन झाली. ती कैद्यांची वसाहत, परंतु तिला तट नव्हता. गंभीर अपराधांची शिक्षा भोगणारे लोक तेथे शेती करीत आणि कुटुंबासह राहत. पळून जाण्यास वाट मोकळी होती, आणि वाट मोकळी असूनही राहणे हीच त्यांची परीक्षा होती. ग. दि. माडगूळकर हे आटपाडी परिसरातले. त्यांचे शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध या संस्थानच्याच गावांत झाले. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून त्यांनी कथा रचली, आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. चित्रपट देशोदेशी गाजला. तो ज्या मातीतून उगवला, ती माती मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

वाडीतील पहाऱ्याचा विश्वास हा एका व्यक्तीचा होता. स्वतंत्रपुरात त्यास राज्याच्या व्यवस्थेचे रूप आले. अपराध्यास काम, कुटुंब आणि मोकळी वाट देऊन पालटावे, हे दुसरे उत्तर.

५. तिसरे उत्तर : बेचाळीस ते सेहेचाळीस

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पुढारी तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी प्रथम निःशस्त्र मोर्चे काढले. सप्टेंबरच्या आरंभी तासगावची कचेरी रक्तपात न होता काबीज झाली. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे मोर्च्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. इस्लामपूरच्या हुतात्म्यांत किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या होते. ज्या वाडीने नांगर घडविले, तिच्यातला एक मनुष्य असा खर्ची पडला.

या गोळीबारांनंतर चळवळीचे स्वरूप पालटले. मोर्चा काढावा तर गोळी, आणि तुरुंगात जावे तर चळवळच थांबते, अशा पेचात कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले. नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे. त्यांचा जन्म १९०० सालचा. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी इत्यादी तरुणांनी त्याची बांधणी केली. तुफान सेना हे त्याचे सशस्त्र दल होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेण्यात आली. एप्रिल १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना काबीज करण्यात आला. अनेक गावांतून ब्रिटिश सरकारचा अंमल नावापुरता उरला.

राजधानी कुंडल का, या प्रश्नाचे उत्तर आता वाचकांना देता येईल. डोंगर जवळ, रेल्वे जवळ, कारखान्यातला जाणता कामगार जवळ. आणि सर्वांहून मोठे कारण म्हणजे संस्थानी शीव. ब्रिटिश मुलखातल्या पोलिसांचा कुंडलमध्ये थेट अंमल नव्हता, आणि औंधच्या दरबाराची सहानुभूती चळवळीकडे होती. शिवाय १९३९ पासून गावपंचायतीने कारभार चालविण्याचा सराव या तालुक्यातल्या लोकांना झालेला होता. राजाने वरून दिलेले स्वराज्य आणि प्रजेने खालून उभारलेले स्वराज्य ही दोन्ही या एकाच तालुक्यात थोड्या वर्षांच्या अंतराने दिसली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगावी बसत. जमिनीचे तंटे, सावकाराने बळकावलेली शेते, टाकलेल्या बायका, दारूचे गुत्ते, दरोडेखोरांचा उपद्रव, असे विषय त्यांच्यापुढे येत. दारूबंदी झाली. कर्ज काढून लग्ने करण्याची रूढी मोडण्यासाठी थोड्या खर्चात ‘गांधी-विवाह’ लावले गेले. पिढ्यान्पिढ्या चावडीपुढे हात जोडून उभा राहिलेला कुळवाडी प्रथमच वादी म्हणून बसला आणि त्याचे ऐकून घेतले गेले.

आणि दंड? दंडात ताकीद होती, द्रव्यदंड होता, आणि कठोर अपराधास तळपायावर मारही होता. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे आणि स्त्रियांवर अत्याचार करणारे यांना ही शिक्षा होई. यावरूनच ‘प्रतिसरकार’चे ‘पत्रीसरकार’ झाले, असे सांगतात. अपराध्यास भयाने आवरावे, हे तिसरे उत्तर.

६. शंका आणि समाधान

येथे साधकाच्या मनात पहिली शंका उत्पन्न होते ती अशी : अहिंसा हे ज्यांचे व्रत आहे, त्यांनी अशा वृत्तान्ताचे वाचन कशासाठी करावे?

याचे समाधान असे की, वाचणे म्हणजे अनुमोदन देणे नव्हे. लीळाचरित्रात भक्तजनांचे रुसवे, चुका, उणेपणा लपविलेला नाही. म्हाइंभटांनी जे होते ते ठेवले, म्हणूनच सातशे वर्षांनंतरही आपण त्या माणसांना ओळखू शकतो. जो इतिहास केवळ गौरवाचा आहे, तो शिकवीत नाही.

दुसरी शंका : जवळच स्वतंत्रपूरचा मार्ग दिसत असताना प्रतिसरकारने तळपायावर मार देण्याचा मार्ग का घेतला? त्यांना करुणा नव्हती काय?

हे प्रकरण नीट पाहिले पाहिजे. राजाजवळ भूमी होती, खजिना होता, वेळ होता, आणि अपराध्यास वर्षानुवर्षे सांभाळण्याची व्यवस्था होती. भूमिगत मंडळाजवळ यांतले काहीच नव्हते. ज्यांना स्वतःलाच रात्री एका गावी आणि पहाटे दुसऱ्या गावी जावे लागे, ते कैद्यास कोठे ठेवणार? ज्या न्यायासनाला तुरुंग नाही, त्याच्याजवळ तीनच साधने उरतात : समज, पैशाचा दंड आणि शरीरदंड. समजेने ऐकेना आणि पैसा जवळ नसे, अशा अपराध्यापाशी तिसरे साधन वापरले जाई. म्हणजे ही कठोरता केवळ स्वभावातून आली नाही, परिस्थितीतूनही आली.

तथापि समाधान येथेच थांबविणे योग्य नव्हे. कारण कळले म्हणजे दोष गेला, असे होत नाही. ज्या मंडळापुढे साक्षीपुरावा घाईने होतो आणि ज्याच्या निवाड्यावर वरचे न्यायासन नाही, त्याच्या हातून निरपराध्यास मार बसण्याचा धोका सदैव असतो. शरीरावर दिलेला दंड परत घेता येत नाही. द्रव्य परत देता येते, तुरुंगाचे दार उघडता येते, परंतु बसलेला मार पुसता येत नाही. यास्तव जो न्यायाधीश स्वतःला चुकीच्या पलीकडचा समजत नाही, तो शरीरदंडापासून दूर राहतो. स्वतंत्रपूरचे श्रेष्ठत्व एवढ्यातच आहे. त्यात चूक झाली तरी ती दुरुस्त करण्यास जागा होती.

तिसरी शंका : मग राजाचे उत्तर श्रेष्ठ आणि प्रजेचे कनिष्ठ, असे ठरवावे काय?

तसेही नव्हे. राजाचे दान एका सज्जनाच्या इच्छेवर उभे होते. तो सज्जन नसता, तर दान नसते. प्रतिसरकारात कुळवाड्यांची आणि कामगारांची मुले स्वतःच्या बळावर कारभार शिकली, आणि त्यांनी सावकार व गावगुंड यांना प्रथमच जाब विचारला. दिलेला अधिकार आणि मिळविलेला अधिकार यांत अंतर आहे. पहिल्यात सौम्यता सोपी असते, दुसऱ्यात ती फार अवघड असते. म्हणून दोहोंचा विचार ज्याच्या त्याच्या प्रकरणात ठेवूनच करावा. एकाच्या तराजूत दुसऱ्यास तोलू नये.

७. साक्षी आणि वासनाभेद

लीळाचरित्राच्या मूळ प्रती नष्ट झाल्यावर आपल्या पूर्वाचार्यांनी आठवणीतून पाठ पुन्हा सिद्ध केले. तसे करताना निरनिराळ्या ‘वासना’, म्हणजे निरनिराळ्या स्मरणपरंपरा, त्यांनी नावानिशी नोंदविल्या. अमक्याचे स्मरण असे, तमक्याचे तसे. भेद पुसून टाकून एकच गुळगुळीत पाठ केला नाही. इतिहास लिहिणाराने हा धडा आपल्याकडून घ्यावा, असा आहे.

कुंडलच्या बाबतीतही वासनाभेद आहे. ‘पत्री’ या शब्दाचाच विचार करा. कोणी म्हणतात, पायाला पत्रा ठोकीत म्हणून पत्रीसरकार. कोणी म्हणतात, तळपायावर मारण्याच्या प्रकारास पत्री म्हणत. आणि कोणी म्हणतात की, ‘प्रति’ हा संस्कृत शब्द खेड्यातल्या जिभेवर ‘पत्री’ झाला आणि पत्र्याची कथा मागाहून जोडली गेली. विरोधकांनी पत्र्याची कथा चळवळीस बदनाम करण्यासाठी वाढविली, आणि समर्थकांपैकी काहींनी धाक बसावा म्हणून तीच कथा मिरविली. एकच कथा दोन विरुद्ध हेतूंनी वाढली. विवेकी वाचकाने तिन्ही पाठ जवळ ठेवावेत आणि कोणता पाठ कोणाच्या मुखातून आला, तेही जवळ ठेवावे.

शेणोलीच्या प्रसंगाचेही तसेच. सरकारी दप्तरात ती लूट आहे. त्या मोहिमेत पुढारी असलेले तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, यांना ‘लूट’ हा शब्द अखेरपर्यंत मान्य नव्हता. आमचे आमच्याकडून नेलेले धन आम्ही परत आणले, असा त्यांचा भाव असे. शब्द बदलला की प्रकरण बदलते.

जी. डी. बापू लाड २०११ साली गेले, आणि कॅप्टन भाऊ २०२२ साली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, अशांची पिढी आता सरली आहे. म्हाइंभट ज्या काळजीने गावोगाव फिरून ज्याने पाहिले त्याला विचारीत गेले, ती काळजी या मुलखाच्या वाट्याला थोड्या प्रमाणातच आली. पुढाऱ्यांच्या मुलाखती झाल्या. परंतु रात्री भाकरी बांधून देणारी स्त्री, निरोप पोहोचविणारे पोर, आणि न्यायदान मंडळापुढे ज्याला मार बसला तो मनुष्य, यांना कोणी फारसे विचारले नाही. त्यांतही मार बसलेल्याचे म्हणणे सर्वांत कमी नोंदले गेले. साक्षींपैकी एक साक्ष कायमची राहून गेली, याची खंत वाटली पाहिजे.

८. पुढील काळ

१९४६ साली प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, भूमिगतांवरील पकडहुकूम उठले आणि नाना पाटील प्रकट झाले. पुढे १९५७ आणि १९६७ या दोन निवडणुकांत ते लोकसभेवर निवडून गेले. १९७६ साली त्यांचे निधन झाले. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि त्यांतील दक्षिण सातारा पुढे सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्या शिवेने कुंडलला कुंडल केले, ती शीव अशा रीतीने नकाशावरून गेली. संस्थानातले गाव प्रथम तासगाव तालुक्यात आणि नंतर पलूस तालुक्यात मोडू लागले.

आज कुंडलच्या परिसरात जी. डी. बापूंचे नाव असलेला ‘क्रांती’ सहकारी साखर कारखाना आहे, आणि वनाधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्था आहे. पलीकडे सागरेश्वरचे अभयारण्य आहे. उघड्या डोंगरावर झाडे लावून माणसांनी मुद्दाम उभारलेले हे वन १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. या कामी धों. म. मोहिते यांचे परिश्रम प्रसिद्ध आहेत. जवळच्याच देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. माळाचे मळे झाले, निवडुंग गेला. परंतु झरीच्या खडकातून पाणी ठिबकतेच आहे.

उपसंहार

पाठाचा निष्कर्ष थोडक्यात असा. कुंडलचे महत्त्व केवळ तेथे एक लढा झाला, एवढ्यात नाही. संस्थानी शिवेच्या आडोशाने या मुलखाला काही वर्षे वेगळे वागून पाहण्याची मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीत विश्वास, परिवर्तन आणि भय या तीन मार्गांनी अपराध्याचा प्रश्न हाताळला गेला. विश्वासाचा पहारा दोन माणसांपुरता होता, तो टिकला. परिवर्तनाची वसाहत संस्थान गेल्यावरही मुक्त वसाहत म्हणून चालू राहिली. भयाचा दंड मात्र त्या आणीबाणीच्या काळाबरोबर संपला, आणि मागे राहिले ते वादग्रस्त नाव. ज्यांनी तो दंड चालविला, त्यांनी तरी पुढे त्याची परंपरा केली नाही. त्यांनी पाणी आणले, कारखाने उभारले, शाळा काढल्या. त्यांच्या कृतीचा हा उत्तरार्धही त्यांच्या साक्षीतच धरला पाहिजे.

आपल्या गावी, आपल्या आश्रमाभोवती, आपल्या कुटुंबातही अपराधी असतो. त्यास पहारा द्यावयाचा की मार द्यावयाचा, हा निर्णय बहुधा घाईत होतो. त्या घाईच्या क्षणी आपल्याजवळ जागा किती आहे, वेळ किती आहे आणि चूक झाली तर ती परत घेता येईल काय, एवढे तीन प्रश्न मनाशी विचारावेत. कुंडलच्या इतिहासाने शिकविलेला आचार तो एवढाच.

चिंतनासाठी प्रश्न

१. कुंडल हे गाव ब्रिटिश जिल्ह्यात असते, तर कोणत्या घटना तेथे घडल्या नसत्या? कारणांसह सांगा.
२. ‘दिलेला अधिकार’ आणि ‘मिळविलेला अधिकार’ यांतील भेद या पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. ‘पत्रीसरकार’ या नावाचे तीन पाठ कोणते? प्रत्येक पाठ कोणाच्या हेतूस अनुकूल आहे?
४. आपल्या गावातील एखाद्या वृद्धाकडून गावाच्या इतिहासातील एक प्रसंग ऐका आणि सांगणाऱ्याच्या नावासह, स्थान व निमित्त नोंदवून, जसा ऐकला तसा लिहून ठेवा.